येणार असल्यास एक दाबा

सोमवारी सकाळी अहवाल उघडला तेव्हा ज्ञानेशला आधी वाटलं, काहीतरी चुकलंय. दवाखान्यातून पेशंटला जाणारा आठवणीचा फोन वीस-पंचवीस सेकंदांत संपतो. यंत्र बोलतं, माणूस ऐकतो, येणार असेल तर एक दाबतो, नसेल तर दोन, आणि फोन बंद होतो. त्याच्या कंपनीने बसवलेली ती यंत्रणा रोज संध्याकाळी पाच वाजता असे चाळीसेक फोन लावायची आणि सकाळी त्यांची यादी त्याच्यापुढे यायची. त्या यादीत एक फोन अकरा मिनिटांचा होता. नाव सोमनाथ, गाव नांदगाव, डायलिसिस, सहा नंबरची खाट, सकाळी आठ. उत्तर: एक. म्हणजे येणार. एवढ्या साध्या उत्तराला अकरा मिनिटं कशी लागली असतील, हे त्याला कळेना. खाली द्वारका चौकात नेहमीसारखी वाहनं अडकली होती, हॉर्न खिडकीच्या काचेला येऊन थडकत होते, आणि समोर किशोर फळ्यावर मार्करने चार शब्द लिहीत होता: दात, द्राक्षं, क्लास, किडनी.

किशोर त्याचा भागीदार. दोघेही ओझरच्या बाजूला एका सुट्या भागांच्या कारखान्यात होते, दोघांनी एकाच महिन्यात राजीनामे दिले होते आणि टायरच्या दुकानावरची ही खोली घेतली होती. पहिली दोन वर्षं मिळेल ते काम केलं. दातांच्या डॉक्टरांचे फोन, शीतगृहाच्या तापमानाचे निरोप, क्लासच्या मुलांची हजेरी. आता किशोर म्हणत होता की असं चालणार नाही, एकच काही धरायला हवं. त्याला तो ‘निश’ म्हणायचा, आणि हा शब्द उच्चारताना त्याचा आवाज थोडा हळू व्हायचा, देवळात होतो तसा. “दात एकदा बसवला की माणूस परत येत नाही,” त्याने पहिल्या शब्दावर काट मारली. “द्राक्षं चार महिने. क्लास जूनपुरते. आणि हे बघ.” त्याने शेवटच्या शब्दाभोवती गोल काढला. “आठवड्यातून दोनदा. आयुष्यभर. डायलिसिसचा पेशंट सुटतच नाही रे. सात सेंटर असलेला ग्रुप आहे, शुक्रवारी भेटायला बोलावलंय. आपल्याला निवडायचंसुद्धा काही नाही, निवड झालेलीच आहे.” ज्ञानेशने मान हलवली. बोलण्यात खोट नव्हती. फक्त ‘सुटतच नाही’ हे शब्द कानात अडकून राहिले, आणि किशोर चहा सांगायला खाली गेल्यावर त्याने हेडफोन लावून तो अकरा मिनिटांचा फोन ऐकायला घेतला.

“नमस्कार. सोमनाथ यांची डायलिसिसची वेळ उद्या सकाळी आठ वाजता आहे. येणार असल्यास एक दाबा. येणार नसल्यास दोन दाबा.” हा सृष्टीचा आवाज. सृष्टी त्या दवाखान्यात काउंटरवर बसायची आणि यंत्र यायच्या आधी हे सगळे फोन तीच करायची. आवाज स्वच्छ आणि मायाळू होता म्हणून ज्ञानेशनेच तिला बसवून ही वाक्यं बोलवून घेतली होती. पुढच्या महिन्यात दवाखान्याने तिला कमी केलं. तिच्या आवाजानंतर थोडी खरखर, आणि मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “बोल बाई. जेवली का? इकडं थंडी लय हाय. आज भाजी नाय केली, चटणी नं भाकर खाल्ली. सोमनाथचा सदरा गाठोड्यात बांधून ठेवला व्हता, तो उन्हात टाकला. वास अजून हाय त्याला.” मग पुन्हा सृष्टीचा आवाज: क्षमस्व, आपला प्रतिसाद समजला नाही. म्हातारी थांबली, वाक्य पूर्ण होऊ दिलं, आणि पुन्हा बोलू लागली. पेशंट वयस्कर असतात, सावकाश बोलतात, म्हणून बोलणं चालू असेपर्यंत फोन तोडायचा नाही, ही सोय ज्ञानेशनेच ठेवली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. अकराव्या मिनिटाला म्हातारी म्हणाली, “बरं, ठेवते,” आणि बटणाचा बारीक आवाज आला. एक.

त्याने मागचे फोन काढले. नऊ आठवडे, आठवड्याला दोन, अठरा फोन. सगळ्यांत पहिला फक्त चाळीस सेकंदांचा होता. “सोमनाथ गेला गं बाई. काल गेला. तुमच्या डाक्टरला सांग.” क्षमस्व, आपला प्रतिसाद समजला नाही. येणार असल्यास एक दाबा. “गेला म्हनते ना.” क्षमस्व. आणि मग नुसता श्वास, आणि एक. ज्ञानेशने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिने सांगितलं होतं. ज्याला सांगायला हवं त्याला, सांगायला हवं त्या दिवशी, नीट सांगितलं होतं. यादीतून नाव काढायला एक क्षण लागला असता. त्याने सहा नंबरची खाट लगेच मोकळी करून टाकली, पण नाव आणि फोन काढायला गेलेलं बोट मध्येच थांबलं, कारण असं एक नाव त्याने पूर्वी काढलेलं होतं.

त्याचे वडील गोटीराम म्हसरूळला झेंडू आणि शेवंती लावायचे. ते गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ज्ञानेशने कामाचा माणूस म्हणून सगळी कामं उरकली होती: बँक, रेशनकार्ड, विजेचं बिल, आणि दुकानात जाऊन त्यांचा मोबाइल नंबर बंद करणं. फुलबाजारातले व्यापारी त्या नंबरवर फोन करायचे, आई उचलायची आणि म्हणायची, “मळ्यात गेलेत, आले की सांगते.” हे ऐकून त्याला लाज वाटायची, भीतीही वाटायची, आणि नंबर बंद केल्यावर घर नीट झाडल्यासारखं वाटलं होतं. चार दिवसांनी तो ओट्याशी पाणी प्यायला गेला तेव्हा आई, साळूबाई, भिंतीकडे तोंड करून स्वतःच्या फोनवर काहीतरी ऐकत होती. आतून आवाज येत होता, आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही. ती ऐकून घ्यायची, बंद करायची, पुन्हा लावायची. त्याला पाहून तिने फोन पदराआड घेतला. ती त्याला कधीच काही बोलली नाही. पण त्यानंतर ती फोनवर कुणाशीच बोलेनाशी झाली, बहिणीशीसुद्धा नाही, आणि दोन वर्षांनी गेली तेव्हा तिच्या फोनची बॅटरी कधीचीच सुजून मागचं झाकण वर आलेलं होतं. हे सगळं तो विसरला होता असं नाही. पण ते एका कपाटात होतं आणि कपाट बंद होतं, आणि आता ते आपोआप उघडून त्याच्या अंगावर सामान पडत होतं.

दवाखान्याच्या मॅनेजरला फोन केला तर तो म्हणाला, “तुमच्याच स्क्रीनवर हिरवं येत होतं ना साहेब. कन्फर्म. आम्ही खाट धरून ठेवायचो. नर्सने दोनदा सांगितलं, पेशंट येत नाही म्हणून. मी तुम्हाला मेलही टाकला होता.” ज्ञानेशने मेल शोधला. खरंच होता. त्याखाली त्यांच्याच यंत्रणेने मिनिटाभरात पाठवलेलं उत्तर होतं: आपली तक्रार नोंदवून घेतली आहे, आपल्या विश्वासाबद्दल आभार. मग ज्या प्रश्नाला तो सकाळपासून बगल देत होता तो त्याने विचारला. खाट रिकामी राहिली तर ती एरवी कुणाला मिळायची? मॅनेजर म्हणाला, “ते काउंटरवरची मुलगी बघायची. सृष्टी.”

सृष्टी आता चौकाच्या पलीकडे मोबाइलच्या दुकानात होती. काचेवर कव्हरं टांगलेली, त्यामागे ती एका गिऱ्हाइकाला स्क्रीनगार्ड लावून देत होती. त्याला ओळखूनही तिने ओळख दाखवली नाही. त्याने सगळं सांगितलं तसं तिचे हात थांबले. “सोमनाथदादा गेले?” ती म्हणाली. “आणि मला आज कळतंय. मी त्यांच्या आईला दर वेळी विचारायचे, जेवलात का म्हणून. त्या दादांना घेऊन पहाटेच्या गाडीने यायच्या.” मग तिने लखनचं नाव घेतलं. लखन पेठच्या पुढच्या पाड्यावरचा, बत्तीस वर्षांचा. त्याला आठवड्यात एकच वेळ मिळाली होती, दुसरीची गरज होती. “तो न बोलावताच यायचा. बाकड्यावर बसून राहायचा. कोणी आलं नाही की मी त्याला आत घ्यायचे. नियमात नव्हतं, पण खाट रिकामी कशाला ठेवायची? तुमचं मशीन आल्यावर तो आला असेल, तर त्याला कोणी आत घेतलं का, मला माहीत नाही. मी नव्हते.” गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. सृष्टीने पुसायचं फडकं घडी घातलं, उलगडलं, पुन्हा घडी घातलं. “एक करा. माझा आवाज काढा त्यातून. आजच.”

उद्या काढतो, असं तो म्हणाला. दवाखान्यात जाऊन त्याने लखनबद्दल स्वतः विचारलं, आणि तिथल्या डायलिसिसच्या नर्सने त्याच्याकडे न बघता, नळ्या लावता लावता सांगितलं. लखन गेला. तीन आठवडे झाले. इकडे येताना एसटीतच, करंजाळीच्या जवळ. अंगात पाणी साठलं होतं, श्वास पुरला नाही. “त्याचं हृदयही धड नव्हतं,” ती म्हणाली, “तसाही किती दिवस काढले असते, सांगता येत नाही.” यातला ‘तसाही’ हा शब्द तिने त्याच्यासाठी म्हटला होता की स्वतःसाठी, हे त्याला कळलं नाही. खोलीत दहा यंत्रं संथ फिरत होती, नळ्यांतून लाल रक्त जात होतं आणि येत होतं, आणि सहा नंबरच्या खाटेवर आता कोणी तरी एक गृहस्थ डोळ्यांवर रुमाल टाकून झोपले होते. खाटेला काहीच झालेलं नव्हतं. हिरवी चादर, लोखंडी कठडा, पायाशी घडी घातलेलं कांबळं. ज्ञानेश खाटेकडे इतका वेळ बघत राहिला की नर्सने विचारलं, पाणी हवंय का.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तो नांदगावला गेला. का जातोय हे किशोरला सांगितलं नाही. मनमाडनंतर डबा रिकामा झाला आणि कोरडी, उजाड जमीन खिडकीतून मागे जाऊ लागली, आणि तो मनात वाक्यं जुळवू लागला. सोमनाथच्या आईचं, नवसाबाईचं घर बाजाराच्या मागे होतं, पत्र्याचं, दारात तुळस आणि वाळत घातलेली मिरची. ती दारातच बसली होती, मांडीवर फोन. त्याने दवाखान्याचं नाव सांगताच तिने घाईने उठून पाणी आणलं. “सृष्टीनं धाडलं का तुमाला?” तिने विचारलं. तो काही बोलायच्या आत पाच वाजले आणि फोन वाजला. “थांबा हां,” ती त्याला हाताने गप्प करत म्हणाली, “तिचाच फोन हाय.” नमस्कार, सोमनाथ यांची डायलिसिसची वेळ. “बोल बाई. आज पाव्हणे आलेत, तुमच्याकडचेच. च्या टाकते त्यांना. जास्ती नाय बोलत आज.” तिने फोन लांब धरून, नीट बघून, एक दाबला.

“आजी,” तो म्हणाला, “ते मशीन आहे. सृष्टी नाही.”

“शेजारीण बी तेच म्हनते. आसंल मशीन. पर आवाज तिचाच हाय ना?”

“आवाज तिचा आहे.”

“मंग झालं. पयली लय बोलायची, आता जरा तुटक बोलती. मला वाटलं, रागावली का काय.”

त्याने विचारलं, “सोमनाथ नाहीत, तरी तुम्ही एक का दाबता?” ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू एवढा शिकलेला माणूस आणि असं विचारतो. “मी आधी त्वांडानं सांगितलं की. तिला आयकू नाय आलं. मंग म्हनली, येनार नसल्यास दोन दाबा.” तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. “दोन कसं दाबू? माझ्या बोटानं दाबू का, का तो येनार नाय म्हनून?” चुलीवर चहा उतू जाऊ लागला तशी ती उठली, आणि पाठमोरीच असताना तिने विचारलं, “त्याच्यानं काई आडलं का तुमचं? कोनाची जागा आडली का?”

त्याने जुळवून आणलेली सगळी वाक्यं तिथे होती. लखनचं नाव होतं, करंजाळी होती, हिरवी चादर होती. तिच्या मानेचं हाड पदरातून वर आलेलं दिसत होतं. “नाही आजी,” तो म्हणाला, “कोणाची नाही.” तिने सुटकेचा श्वास टाकला आणि त्याला बशीत चहा दिला, आणि तो पीत असताना त्याला कळलं की हे खोटं आता त्याच्याच जवळ राहणार, त्याला दुसरं घर नाही. निघताना त्याने सांगितलं की यापुढे मशीनचा फोन येणार नाही, सृष्टी स्वतः करील. तिने ते ऐकलं, पण विश्वास ठेवला की नाही, चेहऱ्यावरून समजेना. दुसऱ्या दिवशी सृष्टीने दुकानाच्या मागच्या पायरीवर बसून तो फोन केला खरा, आणि बराच वेळ केला. त्याच संध्याकाळी ज्ञानेशने यंत्रातून तिचा आवाज काढून विकतचा एक आवाज टाकला, जो कुणाचाच नव्हता.

किशोरला त्याने बुधवारी सगळं सांगितलं. किशोर वाईट माणूस नव्हता. तो फळ्यापाशी खाली बसला, डोकं हातात धरलं, दोन वेळा म्हणाला, “बाप रे.” मग संगणक ओढून घेऊन कामाला लागला. सलग दोनदा पेशंट आला नाही तर खाट आपोआप मोकळी, आणि काउंटरवर लाल निशाणी. चार ओळी. दहा मिनिटांत झालं. “बघ,” तो हळूच म्हणाला, “आता पुन्हा कुठेच असं होणार नाही. आपण हे काम सोडलं तर दुसरा कोणीतरी घेईल, आणि त्याला या चार ओळी माहीत नसतील. उलट आता आपणच हे करायला हवं.” चार ओळी पडद्यावर होत्या आणि त्या आधी लिहायच्या राहिल्या होत्या, एवढंच. शुक्रवारी सात सेंटरवाल्यांच्या ऑफिसात ज्ञानेशने ती लाल निशाणी स्वतः दाखवली. समोरचा माणूस खूश झाला, म्हणाला, “तुम्हाला या क्षेत्रातला अनुभव आहे हे लगेच कळतं.” ज्ञानेशने सही केली. किशोरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला. त्या दिवसापासून त्याला गर्दीत, दुकानात, रिक्षात कुठेही रिकामी जागा दिसली की तिथे बसवेना. अख्खं बाकडं मोकळं असलं तरी तो उभाच राहायचा.

रविवारी सकाळी तो पेठच्या एसटीत बसला नाही, दारापाशी दांडा धरून उभा राहिला. करंजाळी आली तेव्हा त्याने खाली बघितलं. चहाची टपरी, एक शाळा, सायकल धरून उभा असलेला माणूस, बाकी काही नाही. पेठहून जीप, आणि जीपमधून उतरून पाऊण तास चाल. पाड्यावर लखनचं घर विचारलं तर एका बाईने डोक्यावरचा हंडा न उतरवता मानेनेच दाखवलं. फुलाबाई, लखनची बायको, अंगणात नागली निवडत होती. दवाखान्यातून आलोय म्हटल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. “एवढ्या लांब आलात,” ती म्हणाली. “तिथून कोनी येल असं वाटलं नव्हतं.” तिने त्याला खाट टाकून दिली. तो बसला नाही. पाणी मागायच्याही आधी बोलायला हवं होतं, नाहीतर तो पुन्हा नाही म्हणाला असता. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं. फोनचं यंत्र मी बसवलं. एक माणूस वारला होता, तरी त्याच्या नावाने जागा धरून ठेवली गेली. ती जागा लखनला मिळाली असती.

कोंबडी येऊन सुपात चोच मारू लागली तरी फुलाबाईने तिला हाकललं नाही. मग ती म्हणाली, “किती नंबरची?”

“सहा.”

“खिडकीकडची?”

“हो.”

“तो सांगायचा,” ती म्हणाली. “तीन वेळा जाऊन तसाच परत आला. म्हनायचा, काचेतून दिसती मला, खिडकीकडची खाट रिकामी हाय. काउंटरवाला म्हनं, संगणकात भरलेली हाय, तू जा. घरी येऊन सांगितलं तर आम्ही कोनी खरं मानलं नाय. मी म्हनलं, आजारानं तुला भास होत्यात. सासरे तर लय बोलले, म्हनले, दवाखान्याला भितो, तिकडं जातच नाय, वाटेत बसून येतो आन खोटं सांगतो.” तिने पदर तोंडावर घट्ट धरला आणि त्याच्या आतून बोलली. “मरायच्या आदल्या रातीबी म्हनला, उद्या तू चल, दाखवतो तुला. मी नाय गेले.”

ती उठली. रडली नाही. तिने ज्ञानेशच्या मनगटाला धरलं, कसलाही संकोच न करता, आणि घराच्या दाराकडे ओढलं. “आत सासरे हायेत. त्यांना सांगा. माझ्या तोंडून नको, तुमच्या तोंडून सांगा.” दार बुटकं होतं, तो वाकून आत गेला. अंधारात भिंतीला टेकून एक म्हातारा बसला होता, अंगावर गोधडी, डोळे दाराकडे. ज्ञानेश त्याच्यासमोर जमिनीवर बसला आणि जेवढं बाहेर सांगितलं तेवढं सगळं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. “त्यांना कमी आयकू येतं,” फुलाबाई दारातून म्हणाली, “मोठ्यानं सांगा.” त्याने आवाज चढवला. म्हाताऱ्याने मान हलवली, नाही कळलं. बाहेर अंगणात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, मग आणखी कोणी. “आजून मोठ्यानं,” फुलाबाई म्हणाली. ज्ञानेश पुढे सरकला, म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं, आणि छातीतला सगळा वारा एकवटून, साऱ्या पाड्याला ऐकू जाईल असा ओरडला, “लखन खरं बोलत होता. खाट रिकामी होती.”

म्हाताऱ्याचा हात कानामागून खाली आला.